खळ्यावरचा तंबू

सुगी जवळ आली की आमच्या तळेगावच्या गॅलरीत तंबू वाळत टांगलेला असतो. शेजारच्या बाई दरवर्षी विचारतात, "यंदा कुठला ट्रेक?" मी म्हणते, "ट्रेक नाही, भात काढायचंय." त्यांना वाटतं मी टाळतेय. पण खरं तेच आहे. केशरी रंगाचा, सहा माणसं झोपतील असा हा फॅमिली टेंट गेली काही वर्षं फक्त भातासाठी बाहेर निघतो.

मावळात भाताच्या कापणी-झोडणीच्या दिवसांना सुगी म्हणतात. पाऊस गेलेला असतो, पण जमीन अजून ओल धरून असते. दुपारी ऊन चटका देतं आणि संध्याकाळ झाली की खाचरांतून गारवा वर येतो. आंबीच्या, म्हणजे माझ्या सासरच्या गावाच्या, रस्त्याला माझी कंपनी आहे. सुटल्यावर बाहेर पडलं की एका बाजूला कंटेनरची रांग उभी आणि दुसऱ्या बाजूला पिवळं भात. कापलेल्या धाटांचा हिरवट गोड वास आणि डिझेलचा धूर एकाच श्वासात नाकात जातात. मला त्यात काही विसंगत वाटत नाही. लग्न झाल्यापासून मी हे दोन वास बरोबरच घेत आले आहे.

मला सुगी आवडते त्याचं कारण साधं आहे. या दिवसांत काम दिसतं. सकाळी उभं असलेलं खाचर संध्याकाळी आडवं झालेलं असतं. भारे खळ्यावर येतात, त्यांची गोल उडवी रचली जाते, मग झोडणी, मग सुपाने वारवणं. मानेवर भाताची बारीक कूस चढते, केसांत भुसा बसतो, हातावर बारीक ओरखडे उठतात. दिवसभर आपण काय केलं हे रात्री आठवावं लागत नाही. अंगच सांगतं.

तंबू मात्र या कामासाठी घेतलेला नव्हता. माझ्या नवऱ्याला, सुनीलला, एका वर्षी कुटुंबाने निसर्गात राहावं असं वाटू लागलं. आमचं निसर्गात राहणं म्हणजे तुंगार्लीला त्याच्या मित्राच्या बंगल्यासमोरच्या लॉनवर तंबू ठोकणं. शेजारी चार खोल्यांचा कोरडा बंगला, आणि आम्ही गवतावर. लोणावळ्याचा पाऊस त्या दिवशी सुट्टीवर असेल असा सुनीलचा अंदाज होता. तो चुकला. तंबूच्या वरच्या शिवणीतून आधी एक थेंब चिवड्यात पडला, मग एक माझ्या चष्म्यावर, आणि मग थेंब मोजण्यात अर्थ उरला नाही. आमची मुलगी तन्वी तेव्हा शाळेत होती. ती आनंदाने ओरडत होती, "आई, इथेपण! आई, इथेपण!" शेवटी आम्ही उशा डोक्यावर घेऊन बंगल्यात पळालो.

घरी आल्यावर मी तंबू उलटा केला आणि प्रत्येक शिवणीवर सिलिकॉन भरलं. कंपनीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे गाड्यांच्या दारांच्या रबरी पट्ट्या बनतात. पट्टी बसवलेल्या दारावर जोराचा पाण्याचा फवारा सोडायचा आणि आतल्या बाजूला एक थेंबही येतो का ते बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे शिवणी मी मनापासून भरल्या. पण नाव पडायचं ते पडलंच होतं. घरात कुणीही तंबूचा विषय काढला की म्हणे, "तो गळका ना?" एखाद्या वस्तूला एकदा गळकी म्हटलं की ती कितीही कोरडी राहिली तरी गळकीच असते. माणसांचंही तसंच होतं. एकदा कुणी आजारी पडलं की बरं झाल्यावरही बाकीचे त्याच्याशी हळू आवाजात बोलतात.

आमच्या घरात ते आबांच्या वाट्याला आलं.

आबा म्हणजे माझे सासरे. ऐंशीच्या घरातले. सासूबाई गेल्यापासून आंबीच्या घरात एकटे राहतात, पण 'एकटे' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "दोन बैलं हायेत, कुत्रं हाय, सगळं गाव हाय. एकटं कसलं?" म्हणतात. ज्या सुगीची मी गोष्ट करतेय, त्या वर्षी श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून सुटल्यावर काही आठवडे ते आमच्याकडे फ्लॅटवर होते. तिथे ते पाहुण्यासारखे वागायचे. फ्रीज उघडताना विचारायचे, पंखा लावताना विचारायचे. गावात चार माणसांना दम देणारा माणूस माझ्या सोफ्याच्या कडेवर टेकून बसायचा. मी एकदा चिडून म्हटलंही, "आबा, घर तुमचं आहे, नीट मागे टेकून बसा." त्यावर म्हणाले, "बसतो की. पर हितं करायचं काय, ते सांग."



गणपतीच्या आधी ते हट्टाने आंबीला परत गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं की गारठा आणि ओल या दोन गोष्टींपासून जपायचं. आणि नेमकी सुगीत याच दोन गोष्टी असतात. झोडलेलं भात घरी जाईपर्यंत आबा खळ्यावर झोपतात. रानडुकरं येतात, मोकाट जनावरं येतात, क्वचित माणसंही येतात. पण मला वाटतं, काहीच आलं नसतं तरी ते तिथेच झोपले असते. वर्षभराचं भात उघड्यावर आणि आपण छपराखाली, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

सुनील म्हणाला, "यंदा नाही. यंदा मशीन लावू, एका दिवसात भात घरी."

आबांनी पायरीवर बसल्या बसल्या विचारलं, "मशीन धाटाचा भुगा करतंय. बैलांनी काय खायचं? तुझं लॅपटॉप?"

"मग मी राखायला माणूस लावतो."

"आन् त्या मानसाला कोण राखणार?"

असं बराच वेळ चाललं. दोघेही चुकीचे बोलत नव्हते, म्हणूनच ते संपत नव्हतं. शेवटी तंबूचं मीच सुचवलं. सुनीलने नाक मुरडलं, गळका ना तो, वगैरे. मग त्याने अट घातली. तंबू कोरडा राहिला तर आबा खळ्यावर. आत ओल दिसली तर रविवारी गाडी घेऊन येणार आणि आबांना तळेगावला नेणार. "आणि मग कायमचं," तो म्हणाला.

"कायमचं म्हंजी?" आबांनी विचारलं.

सुनील बैल बघायला म्हणून उठून गोठ्याकडे गेला.

तंबू खळ्याच्या कडेला उभा राहिला. शेणाने सारवलेलं खळं, मागे उडवी, शेजारी झोडणीची फळी आणि मध्येच हा केशरी प्रकार. कापणीला ठाकरवाडीतून सखूमावशी यायची. माझ्यापेक्षा वयाने मोठी, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ. तंबू बघून म्हणाली, "आबा, नवरीचा मांडव घातलाय का काय?"

"तुझ्यासाठीच घातलाय," आबा म्हणाले.

"मग पेढे कुटंयत?"

पहिले दोन दिवस आभाळ निवळ होतं. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी ढग आले. पाऊस नाही, नुसतं मळभ, कोंदट आणि गार. त्यानंतरच्या सकाळी सुनील मोटरसायकलवर आंबीला जाऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "गळतोय." आबांची घोंगडी वरून दमट होती. तंबूच्या आतल्या कापडावर पाणी होतं. आणि आबा खोकत होते.

मावळातल्या माणसाला पाणी दिसलं की तो झाकतो. घराच्या पडवीला पेंढ्याची झडप लावतो, गोठ्याला कागद बांधतो, स्कूटर झाकतो, विहिरीची मोटर झाकतो, पावसाळाभर स्वतःला झाकून घेतो. वर्षाचे चार महिने आडवा पाऊस खाल्लेल्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही. सुनीलने निळी ताडपत्री आणली आणि तंबूवरून ताणून बांधली. दुसऱ्या सकाळी आत आणखी ओल. मग आबांनी तंबूच्या खिडक्यांच्या चेनी गच्च लावून घेतल्या, ताडपत्रीवर पेंढा पसरला आणि वर दोन बांबू टाकले. आता तो तंबू कमी आणि गवताची गंजी जास्त दिसत होता. तिसऱ्या सकाळी छतातून थेंब पडत होते.

"रविवारी गाडी आणतो," सुनील म्हणाला.

ओल दिसल्यापासून मी आंबीला गेले नव्हते. कंपनीत ऑडिट होतं. पण हे ऐकल्यावर मी रजा टाकली. त्यात माया वगैरे फार नव्हती. मी स्वतःच्या हाताने भरलेली शिवण गळते, हे मला पटत नव्हतं.

सकाळी तन्वीला घेऊन मी आंबीला पोहोचले तेव्हा धुकं अजून बांधांवर बसलेलं होतं. गवताच्या पात्यापात्यावर दहिवर. कोळ्यांची जाळी पांढरी होऊन लोंबत होती. लांबून एका कारखान्याचा भोंगा झाला आणि रस्त्यावर पहिल्या पाळीच्या बसेस दिसायला लागल्या. आबा गोठ्यात बैलांच्या घुंगरांच्या आवाजात खोकत होते. दोन्ही आवाज वेगळे ऐकू येत होते.

मी पेंढा काढला, ताडपत्री काढली, तन्वीला टॉर्च देऊन आत बसवलं आणि विहिरीच्या मोटरचा पाइप तंबूवर धरला. कंपनीत करते तसंच, आधी शिवणी, मग कोपरे, मग चेनी.

सखूमावशी विळा घेऊन येत होती, ती थबकली. "तंबूला न्हाऊ घालताय व्हय? साबण देऊ का?"

"गळतोय कुठे ते बघतेय, मावशी."

"पाणी घालून पाणी शोधायचं! शिकलेल्यांचं काय बाई खरं न्हाई."

आतून तन्वी ओरडली, "आई, काही नाही! एक थेंबसुद्धा आत येत नाहीये!"

मी पाइप बंद केला. शिवणी शाबूत होत्या. मला बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण मग घोंगडी कशाने भिजत होती? वीस-बावीस वर्षं मी पाणी शोधतेय, पण आमच्याकडे ते नेहमी बाहेरून आत येतं. त्यामुळे दुसऱ्या बाजूने विचार करायची सवयच नव्हती.

मी आत शिरले. तन्वी म्हणाली, "आई, इथे कुकर उघडल्यासारखा वास येतोय ना?"

येत होता. गरम, गोडसर, इंद्रायणी तांदळाचा वास. बाहेर एवढा गारठा आणि आत मात्र ऊब. माझा चष्मा धुरकटला. आबांचं अंथरूण जमिनीपासून चांगलं वर होतं. खाली पेंढ्याची गादी असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी घोंगडी उचलली, गोधडी उचलली. खाली पोती होती. अर्धी-अर्धी भरलेली, शेजारी शेजारी नीट मांडलेली, पलंगासारखी. मी एका पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला. भात गरम लागलं. ताप आलेल्या माणसाच्या काखेत हात घालावा तसं.

नुकतं झोडलेलं भात ओलं असतं. ऊन दिल्याशिवाय पोत्यात भरलं की आतल्या आत तापतं आणि वाफ सोडतं. त्या वर्षी मळभामुळे ऊन मिळालं नव्हतं. रात्रभर ते भात आणि आबा बंद तंबूत श्वास टाकत होते, आणि वरच्या गार कापडाला लागून त्याचं पाणी होत होतं. आम्ही जितकं झाकत होतो तितकं आत जास्त कोंडत होतं. तंबू गळत नव्हता. आबा गळत होते.

हे मी तसंच म्हणाले तेव्हा तन्वी हसून आडवी झाली.

आबा चहाचा पेला घेऊन तंबूच्या दाराशी आले. उघडी पोती बघून पेला खाली ठेवला.

"आबा, हे काय?"

"भात."

"भात दिसतंय मला. आत कधी आणलं?"

"मळभ आलं तवा. बाहेर वलं झालं असतं."

"तुमच्याच्याने पोती उचलली कशी?"

मी सखूमावशीकडे बघितलं. ती एकदम कापणीत मग्न झाली. "मावशी!"

"मला कशाला इचारता? आबांनी शपथ घातली होती. म्हणले, पोरांना सांगितलंस तर पुढच्या सालापासून तुला कामावर न्हाई बोलवायचा. अर्धी पोती मी वडली, अर्धी त्यांनी."

"आबा, हा तंबू तुमच्यासाठी आणला होता."

"व्हय. पर मी काय भाताला परका हाय का?" आबा म्हणाले. "कोरडी जागा एकच. मी भिजलो तर पुसून घेता येतं. भात भिजलं तर मोड येतात."

त्या माणसाला काय बोलायचं? कोरडं घर दिलं, तर त्याने ते आधी धान्याला दिलं आणि मग उरलेल्या जागेत स्वतः झोपला. मला राग आला होता, पण तो मिरवायला वेळ नव्हता. रविवार जवळ आला होता.

मी सुनीलला फोन करून सगळं सांगितलं. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे ओल होतीच ना? अट ती अट."

"अट तंबूची होती. तंबू कोरडा आहे. मी रविवारपर्यंत बघते."

आबांना पटवणं जास्त अवघड गेलं. मी सांगितलं की ताडपत्री तंबूवर नाही, खाली अंथरायची आणि तिच्यावर भात पसरायचं. रात्री पोती फळ्यांवर रचून वरून ताडपत्री, पण चारी बाजूंनी हवा मोकळी. आणि तंबूच्या दोन्ही खिडक्या रात्रभर उघड्या.

"उघडं ठेवून कोरडं ऱ्हातंय व्हय?"

"राहतं."

"आन् भात बाहेर?"

"तुमच्यापासून चार हातांवर. खिडकीतून दिसेल. आत्तापर्यंत पाठीखाली होतं, आता डोळ्यासमोर राहील."

ते डोळ्यासमोरचं त्यांना जरा पटलं असावं. तरी म्हणाले, "गार वारं लागलं तर तूच जबाबदार."

"मीच. स्वेटर, कानटोपी, दोन घोंगड्या. आणि शेकोटी लांब, आत नाही."

"तू कंपनीत पण अशीच बोलतीस का?"

"तिथे जास्त वाईट."

नशिबाने दुसऱ्याच दिवशी आभाळ निवळलं. सकाळचं धुकं उठलं आणि पार लोणावळ्याच्या बाजूचे डोंगर निळे, धुतल्यासारखे दिसायला लागले. भात पसरलं. आबा अनवाणी पायांनी भातातून चालत त्याला ओळी पाडत फिरायचे, म्हणजे खालचं भात वर येतं. त्या ओळी मला फार सुंदर वाटल्या. मधूनच एखादा दाणा दाताखाली घेऊन फोडायचे. कट् आवाज आला की वाळलं, दबला की नाही. मी रोज कंपनीतून सुटल्यावर तिकडे वळायचे आणि आधी तंबूत हात फिरवायचे. पहिल्या दिवशी कापड किंचित दमट. दुसऱ्या दिवशी कोरडं. बाहेरच्या अंगाला दहिवराने चिंब आणि आतून कोरडं. एका पातळ कापडाच्या दोन बाजू.

खोकला एकदम गेला नाही. मी तसं सांगणार नाही. पण त्याचा आवाज बदलला. आधी तो खोलातून यायचा, आता घशातून यायला लागला. डॉक्टरांना तन्वीने फोनवर विचारलं. ते म्हणाले, ताप नाही ना, मग राहू द्या, पण मला आणून दाखवा. आबा दाखवायलाही गेले. आमच्या कॉलनीच्या फाटकापाशी आले, पण वर मात्र आले नाहीत.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या काही दिवसांत आम्ही सगळे आबांच्या आजाराचं जे करत होतो तेच तंबूचं करत होतो. आणखी एक पांघरूण, आणखी एक चेन. मला असे अर्थ काढायला फारसं आवडत नाही. दाराची पट्टी ही दाराची पट्टी असते. पण हे मनात आलं होतं हे खरं. त्यानंतर मी आबांशी पहिल्यासारखी मोठ्याने बोलायला लागले, तेही मोठ्याने उलट बोलायला लागले, आणि घरातलं वातावरण सुधारलं.

रविवारी सुनील ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. मोटरसायकल नाही, गाडीच. मी आणि तन्वी मागे बसून आलो होतो. आबा खळ्यावर उभे होते. धोतर स्वच्छ, कानटोपी डोक्यावर, दाढी केलेली. निघायच्या तयारीत असलेला माणूस जसा दिसतो तसेच दिसत होते.

सुनील बुटांसकट तंबूत जायला निघाला, मग बूट काढून आत गेला. आम्हाला बाहेरून त्याचा हात कापडावरून फिरताना दिसत होता. छतावरून, शिवणीवरून, कोपऱ्यातून. घोंगडी झटकली. आबा उडवीकडे बघत उभे. सखूमावशीसुद्धा विळा थांबवून बघत होती.

तो बाहेर आला. दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. कोरडे होते.

"गाडी कशाला आणलीस?" आबांनी विचारलं. कशाला ते त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही.

सुनीलने वडलांकडे बघितलं. मग खळ्यावरच्या पोत्यांकडे. "भात न्यायला," तो म्हणाला.

"मग हुबा का? वाळलेली पोती त्या बाजूची हायेत. मागचं दार उघड."

मागच्या सीटवर, आणि पुढे आम्ही आबांसाठी रिकामी ठेवली होती त्या जागेवरही, पोती बसली. आबांनी स्वतः आत वाकून एकेक पोतं नीट लावलं. म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवताना जसं आपण डोकं लागू नये म्हणून हात धरतो, तसा हात त्यांनी पोत्यांवर धरला होता. तन्वीला आणि मला जागाच उरली नाही. आम्ही चालत फाट्यापर्यंत आलो आणि रिक्षा केली.

त्यानंतर सुग्या आल्या आणि गेल्या. आबा अजून खळ्यावर झोपतात. थोडे वाकलेत, झोडणीला आता फळीजवळ बसतात, हुकूम जास्त सोडतात. खिडक्या ते स्वतःच उघडतात, आणि गावात कुणी ओलं भात घरात कोंडलं की त्याला ऐकवतात. सखूमावशीच्या मते त्यांना आता तंबूचं वेड लागलंय.

यंदा भात चांगलं आलंय. आज रविवार आहे. सुनील उजाडायच्या आत उठला, पोत्यांसाठी गाडीची मागची सीट आडवी पाडली, तिच्यावर जुनी चादर अंथरली आणि आंबीला निघून गेला. आबांना कुठे ठेवायचं हे त्याने विचारलं नाही, आणि मीही नाही.